बाहुलीघर आणि भातुकली : खेळासाठी निवड व मांडणीसाठी निवड

बाहुलीघर घ्यावयाचे ते मुलाच्या हाती देण्यासाठी की कपाटात मांडण्यासाठी, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा वाटतो. वस्तुतः तो वस्तूच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न आहे. एकच पितळी तपेली अंगणात असते तेव्हा खेळणे असते आणि काचेमागे जाते तेव्हा पुरावा होते. या दोन अवस्थांचे गुण परस्परांना पूरक असतातच असे नाही. पुष्कळदा एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष ठरतो. मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण ज्या वस्तूसाठी युरोपात 'बाहुलीचे घर' हा शब्द रूढ आहे ती वस्तू येथील परंपरेत त्या रूपाने कधी नव्हतीच. येथे होती ती भातुकली. भातुकली म्हणजे भिंतींवाचून असलेले घर होय. तेव्हा निवडीचा विचार करण्यापूर्वी निवडावयाची वस्तू कोणती, हे पाहणे प्राप्त आहे.

या खेळाची प्राचीनता सिद्ध करण्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात कन्यासंप्रयुक्तक अधिकरणात बालिकांच्या खेळांचा निर्देश करताना फुले वेचणे, माळा गुंफणे यांच्या जोडीने 'गृहक' म्हणजे लहानसे घर रचणे, 'दुहितृका' म्हणजे बाहुलीशी खेळणे आणि अन्न रांधण्याचा खेळ करणे ही तिन्ही सलग आलेली आहेत. घर, बाहुली आणि स्वयंपाक असे या खेळाचे तीन घटक येथे एकत्र दिसतात. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीचे बालपण वर्णिताना मंदाकिनीकाठच्या वाळूच्या वेदी, चेंडू आणि कृत्रिम पुत्र म्हणजे बाहुल्या यांचा उल्लेख केला आहे. मराठीत संतवाङ्मयात 'भातुके' हा शब्द खाऊ या अर्थाने येतो, आणि 'भातुकली' या शब्दाच्या पोटात भात तर उघडच आहे. म्हणजे युरोपीय भाषांनी या खेळाला घरावरून नाव दिले, मराठीने ते अन्नावरून दिले. हा भेद केवळ शब्दाचा नाही.

युरोपातील बाहुलीघराचा इतिहास खेळापासून सुरू होत नाही, हे अनेकांच्या ध्यानात नसते. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५७-५८ मध्ये करवून घेतलेले लघुगृह हे या प्रकारातले पहिले नोंदलेले उदाहरण मानतात. ते त्याच्या संग्रहात वैभवाची वस्तू म्हणून ठेवले होते आणि १६७४ च्या आगीत नष्ट झाले. न्यूर्नबर्ग येथील आना कोफरलिन या स्त्रीने १६३१ मध्ये स्वतः जमविलेले मोठे बाहुलीघर शुल्क घेऊन लोकांस दाखविले; मुलींनी ते पाहावे आणि गृहव्यवस्था शिकावी, असा तिचा हेतू होता. पाहावे, हाताळावे नव्हे. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन हिचे सुमारे १६८६ ते १७१० या काळात सजलेले घर आज तेथील राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्याला वीस ते तीस हजार गिल्डर खर्च झाला असे सांगतात; तेवढ्या पैशात त्या काळी कालव्याकाठी खरे घर घेता आले असते. नवी दिल्लीच्या रचनेत ज्याचा हात होता त्याच एडविन लट्यन्स याने १९२१ ते १९२४ या काळात राणी मेरीसाठी बाहुलीघर रचले. ते एका फुटास एक इंच, म्हणजे १:१२ या प्रमाणात आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, नळास पाणी येते, ग्रंथालयातील पुस्तके खरोखर लिहिलेली आहेत. १९२४ साली ते वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात ठेवले होते आणि आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. या सर्व घरांतून मूल कोठेच नाही. ही घरे प्रौढांची, प्रौढांसाठी आणि पाहण्यासाठी होती. मुलांच्या खोलीत बाहुलीघर शिरले ते नंतर, आणि कारखान्यांनी स्वस्त घरे काढल्यावर सर्वसामान्य मुलांपर्यंत पोचले.

भातुकलीचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. ती मुलांच्या हातून प्रौढांच्या मांडणीत गेली. चैत्रगौरीच्या आराशीत पायऱ्यांवर खेळणी मांडतात, त्यांत भातुकलीला मान असतो. मराठवाड्यात भाद्रपदात ज्येष्ठा गौरी महालक्ष्मी म्हणून बसतात. त्यांच्यापुढे फराळाच्या राशींबरोबर खेळणी आणि लहान भांडी मांडण्याची चाल हिंगोली-परभणीकडील अनेक घरांतून आहे. महालक्ष्मी घरात आणताना तिला कुंकवाच्या पावलांवरून कोठी, स्वयंपाकघर, देवघर असे सारे घर दाखवितात, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. देवतेला खरे घर दाखवावयाचे आणि तिच्यापुढे छोटे घर मांडावयाचे, अशी ही दुहेरी मांडणी आहे. लग्नातील रुखवत हे तिसरे स्थान. मुळात खाद्यपदार्थांचे असलेले रुखवत पुढे लघुरूप संसाराचे प्रदर्शन बनले. लोकरीची विहीर, डाळींचे तुळशीवृंदावन आणि पितळेची किंवा स्टीलची भातुकली त्यात येऊन बसली. येथे भातुकलीशी खेळण्याचे वय केव्हाच मागे पडलेले असते. खेळाची वस्तू संसाराची सूचक बनते, आणि लग्न आटोपले की बहुधा खोक्यात बांधून माळ्यावर जाते.

आता रचनेतील भेद पाहू. युरोपीय घर उंच वाढते. तळघर, स्वयंपाकघर, बैठक, शयनगृह, पोटमाळा अशी मजल्यांवर मजल्यांची चढण असल्याने त्याची प्रतिकृती कपाटासारखी उभी होते आणि समोरची भिंत दारासारखी उघडली की सारे आतील जग दिसते. मराठवाड्यातील जुने माळवदी घर आडवे पसरते. ढेळज ओलांडली की मोकळे अंगण, बाजूला गुरांचा कोठा, समोर ओसरी, आत माजघर, त्याच्या भिंतीत धान्याचे बळद, पलीकडे चूल. या घराचे जीवन भिंतीमागे जितके, तितकेच अंगणात आणि ओसरीवर चालते. अशा घराची दर्शनी भिंत काढली तर काय दिसेल? दगडमातीची दुसरी भिंत. म्हणून येथील मुलींनी घर करावयाचे ठरविले की त्या भिंती उभारीत नाहीत. त्या खड्यांची ओळ मांडून जमिनीवर घराचा नकाशा काढतात, दारासाठी फट सोडतात आणि त्या फटीतूनच आत-बाहेर करतात. ओळ ओलांडून जाणाऱ्या लहान भावाला दारातून यावयास सांगतात. वास्तुविद्येच्या दृष्टीने ही तळविन्यासाची रेखाकृती आहे आणि ती येथील घराशी युरोपीय उभ्या पेटीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

याहून महत्त्वाचा भेद प्रमाणाचा आहे. १:१२ प्रमाणाच्या घरात पाच फूट उंचीची स्त्री पाच इंचांची बाहुली होते आणि पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा हंडा पावणेचार सेंटिमीटरचा. सर्व वस्तू एकाच प्रमाणात लहान होतात, आणि घरात राहणारी व्यक्तीही त्याच प्रमाणात लहान होते. त्यामुळे खेळणारे मूल घराबाहेर राहते. ते वरून पाहते, हलविते, लावते; एका अर्थी ते त्या घराचे नियंता असते. भातुकलीत भांडी लहान असतात, पण गृहिणी खरीच असते. ती मुलगी स्वतः. बाहुली असलीच तर ती या संसारातले मूल असते किंवा लग्नाची वधू असते. घराची मालकीण ती क्वचितच होते. यामुळे भातुकलीला एकच एक प्रमाण असण्याचे कारण उरत नाही. जाते हाताने फिरले पाहिजे म्हणून ते जरा मोठे, वाटी दोन बोटांत धरता आली पाहिजे म्हणून ती त्या मानाने आणखी मोठी, बंब केवळ शोभेचा म्हणून तो फारच लहान. ज्या संचात सर्व भांडी काटेकोर एकाच प्रमाणात आहेत, तो संच मुलाच्या हाताचा विचार न करता पाहणाऱ्याच्या डोळ्याचा विचार करून बनविला आहे, असे अनुमान बहुधा चुकत नाही. संग्रहासाठी वस्तू पाहणाऱ्या अभ्यासकाने हे परिमाण अवश्य हाताशी ठेवावे.

क्लोद लेव्ही-स्त्रोस याने १९६२ मध्ये लघुरूपाविषयी एक मार्मिक विचार मांडला. खऱ्या वस्तूचे ज्ञान आपणांस भागाभागाने होते. लघुरूपात मात्र समग्र वस्तू आधी प्रतीत होते आणि भाग नंतर. हा विचार मांडलेल्या घराला यथार्थ लागू पडतो. खेळातल्या भातुकलीला तो तितकासा लागू पडत नाही, कारण तेथे समग्र असे काही नसतेच. आज चूल आहे, उद्या तिच्या जागी दुकान आहे, परवा दवाखाना आहे.

प्रायोगिक मानसशास्त्रात या भेदाला अनपेक्षित आधार मिळाला आहे. अमेरिकेतील ज्युडी डीलोशे यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका खोलीची छोटी प्रतिकृती केली होती. प्रतिकृतीत एका छोट्या आसनामागे छोटे खेळणे लपविताना मुलाला दाखवावयाचे आणि खऱ्या खोलीत त्याच जागी लपविलेले मोठे खेळणे शोधावयास सांगावयाचे. तीन वर्षांची मुले ते बहुतेक वेळा शोधून काढीत; अडीच वर्षांची मुले बहुतेक वेळा चुकत. प्रतिकृती ही स्वतः एक वस्तू आहे आणि त्याच वेळी दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह आहे, हे दुहेरी भान अडीच वर्षांच्या मुलाला पेलत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील प्रयोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत. प्रतिकृती काचेच्या खिडकीमागे ठेवली, मुलाला हात लावू दिला नाही, तेव्हा अडीच वर्षांची मुले अधिक यशस्वी झाली. उलट तीन वर्षांच्या मुलांना आधी काही मिनिटे प्रतिकृतीशी खेळू दिले, तेव्हा त्यांचे यश घटले. म्हणजे काच आड आली की वस्तू चिन्ह होते. हातात आली की ती वस्तूच राहते. मांडणी आणि खेळ यांतला विरोध एवढ्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसतो. याचा अर्थ खेळ मुलाला मागे खेचतो असा मात्र कोणी करू नये. खोलीचा नकाशा वाचणे हे एक कार्य आहे, चुलीवर खोटा भात शिजविणे हे दुसरे. पहिल्यासाठी दूरत्व हवे, दुसऱ्यासाठी सलगी.

बालशिक्षणाच्या क्षेत्रातही हा वाद वेगळ्या अंगाने झाला आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा तेथे चांगली खेळणी होती; पण मुले ती निवडीत नसत आणि खऱ्या कामाकडे वळत, असे त्यांनी नमूद केले आहे. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून या विचाराचा प्रसार केला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे काम करताना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या माती, बिया, शिंपले, काड्या अशा साधनांवर भर दिला. त्या कार्यातून रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला. माँटेसरींचे निरीक्षण भातुकलीच्या विरोधात जाते काय? ते मांडून ठेवलेल्या, पूर्ण, चकचकीत खेळण्यांच्या विरोधात जाते. ज्या भातुकलीत मुरमुरे खरेच वाढले जातात, शेंगदाण्याचा कूट खरेच केला जातो आणि भांडी अखेरीस खरेच घासावी लागतात, ती माँटेसरींच्या 'खऱ्या कामा'पासून फार दूर नाही.

यावरून खेळासाठी निवड करताना काय पाहावे, हे बरेचसे निश्चित होते. पहिली गोष्ट म्हणजे संच अपुरा असावा. हे विधान विक्रेत्यांना रुचणार नाही. पण ज्यात गॅसची शेगडी, सिलिंडर, मिक्सर, शीतकपाट, बेसिन असे सर्व काही आधीच आहे त्या प्लास्टिकच्या स्वयंपाकघरात मुलाने भर घालावी असे काही शिल्लक राहत नाही. शेगडी नसली की तीन खडे येतात, वाटी नसली की करवंटीचा तुकडा येतो, आणि खेळाची सुरुवात तेथे होते. दुसरी गोष्ट, भांडी परिसरातील अन्नाशी जुळणारी असावीत. पुण्या-मुंबईच्या दुकानांतील बहुतेक संचांत पोळपाट-लाटणे असते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव या भागांत ज्वारीच्या भाकरीचे घर पाहिलेल्या मुलीला काटवट हवी असते. भाकरी लाटत नाहीत, थापतात, हे ती जाणते. संचात काटवट नाही म्हणून ती परात उपडी घालते, हा तिचा उपाय झाला, निर्मात्याचे श्रेय नव्हे. तिसरी गोष्ट, वस्तू पडली, चेपली, हरवली तर घरात रडारड होऊ नये इतकीच तिची किंमत असावी. मृच्छकटिकातील रोहसेनाची कथा येथे आठवते. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून तो आपल्या मातीच्या गाडीला नाकारतो आणि रडतो. वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत घालते. हा प्रसंग वात्सल्याचा म्हणून वाखाणला जातो. परंतु त्याच अलंकारांमुळे पुढे न्यायसभेत चारुदत्तावर आळ दृढ होतो. खेळण्यात सोने घातले की ते खेळणे राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

सुरक्षिततेचा विचार थोडक्यात करता येईल. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग गिळले जाण्याचा धोका मोजण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जो भाग मावतो तो वर्ज्य. १:१२ प्रमाणातील झाकणे, पळ्या, वाट्या यांपैकी जवळजवळ सर्व त्यात मावतील, आणि जुन्या पितळी भातुकलीतील पुष्कळ वस्तूही. भारतात खेळण्यांविषयीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला असून त्यानुसार भारतीय मानक चिन्ह आवश्यक झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. याचा अर्थ, सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी, लाखकाम केलेल्या संचावर किंवा जत्रेतल्या वस्तूवर ते चिन्ह नसेल, आणि रंगाची, कडांची परीक्षा घेणाऱ्याने स्वतःच करावयाची आहे. पितळी भांड्यांत मुले चिंचेचे पाणी, ताक असे आंबट पदार्थ घालणारच; तेव्हा आतून कल्हई असली पाहिजे.

मांडणीसाठी निवड करताना कसोट्या उलट होतात आणि अडचणीही वाढतात. प्रथम, मांडणीची वस्तू म्हणजे नवी, निर्दोष वस्तू हा समज सोडावयास हवा. घरात शोभेसाठी ठेवणाऱ्याला तो परवडेल. विद्यापीठीय विभागाच्या संग्रहाला परवडणार नाही. चुलीच्या आतील काजळी, जात्याच्या खुंट्याची झीज, तव्याचा एकीकडे बसलेला काठ, हे सारे खेळ झाल्याचे पुरावे आहेत. संग्रहात आलेली भातुकली चिंच लावून लखलखीत घासण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याने पितळ चमकते आणि इतिहास पुसला जातो. दुसरे, संच एका घरातला असावा. बाजारातून सुट्या सुट्या मिळवून पूर्ण केलेला संच देखणा असतो, पण तो कोणत्याच मुलीचा नसतो. त्यावरून कोणत्याही घराविषयी काही सांगता येत नाही. घरातून आलेला अपुरा संच, काय हरवले याच्या नोंदीसह, अधिक मोलाचा. तिसरे, चाके असली किंवा आकार लहान असला म्हणजे ती वस्तू खेळणे ठरत नाही. १९७४ मध्ये दायमाबाद येथे सापडलेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा व म्हैस यांना चाके आहेत; पण ती भरीव शिल्पे इतकी जड आहेत की ती मुलाने ओढावी हे संभवत नाही. विद्वानांचे त्यांच्या काळाविषयी आणि प्रयोजनाविषयी मतभेद आहेत. मराठवाड्यातच तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मयी आणि केओलिनच्या लहान मूर्ती आहेत. त्यांतील खेळण्याची कोणती आणि पूजेची कोणती, हे सांगण्यासाठी झीज आणि सापडण्याची जागा या दोनच गोष्टी उपयोगी पडतात. सौंदर्य उपयोगी पडत नाही.

मांडणीच्या निवडीत सर्वांत गंभीर प्रश्न मात्र निराळाच आहे, आणि त्याचा विचार पुरेसा झालेला नाही. महाराष्ट्रातील संग्रहांत भातुकली म्हणून जे पाहावयास मिळते ते मुख्यत्वे धातूचे आहे. पुण्यात दिनकर केळकर यांनी सुमारे १९२० पासून जमविलेल्या आणि बालवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावे उभारलेल्या संग्रहालयात घरगुती वस्तूंना व खेळण्यांना सन्मानाने स्थान मिळाले, हे या क्षेत्रातले मोठे कार्य होय. पुण्यातच विलास करंदीकर यांनी केवळ भातुकलीचा संग्रह करून त्याची प्रदर्शने भरविली. दिल्लीचे शंकर यांनी १९६५ मध्ये उघडलेले आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय वेशभूषेच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. या सर्व प्रयत्नांचे मोल मान्य करूनही एक गोष्ट उरते. जे टिकते तेच जमविले जाते, आणि टिकते ते ज्यांच्या घरी पितळ होते त्यांचे. वाड्यातील मुलीची घंगाळे, बंब आणि पुरणयंत्र शंभर वर्षे राहिली. शेतमजुराच्या मुलीने कयाधूच्या काठावर ओल्या मातीची केलेली चूल त्याच संध्याकाळी विरघळली. तिच्या खापराच्या वाट्या, चिंचोक्यांचे धान्य, फुटक्या बांगड्यांच्या काचा, चिंध्यांची बाहुली, तिच्या भावाने ज्वारीच्या धांड्यांची केलेली बैलगाडी, यांतले काहीच कपाटापर्यंत पोचत नाही. तांड्यावरील बंजारा घरांतील किंवा कळमनुरी-औंढ्याकडील आंध आदिवासी घरांतील मुलांचा खेळही या कपाटांत दिसत नाही. बंजारा पोशाखातली आरशांची बाहुली दुकानात मिळते, परंतु ती तांड्यावरील मुलीच्या खेळण्यासाठी केलेली नसते; ती पर्यटकाच्या दिवाणखान्यासाठी केलेली असते. परिणामी, शंभर वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला असे वाटेल की मराठी मुली पितळेशीच खेळत असत. संग्राहकांचा हेतू कितीही निर्मळ असला तरी निवडीतूनच हा चुकीचा इतिहास तयार होतो.

याला जोडूनच घराच्या प्रतिकृतीचा प्रश्न येतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाविषयीचा विश्वास उडाला. आज नवी घरे पत्र्याची किंवा सिमेंटची होतात, आणि कोणी माळवद घालावे असा आग्रह धरणे योग्यही नाही. पण ढेळज, बळद, ओसरी, कोनाडे यांचा परस्परसंबंध ज्यांनी घरात राहून जाणला ती पिढी वृद्ध झाली आहे. या घराची मापे घेऊन केलेली प्रतिकृती हे मांडणीच्या बाहुलीघराचे खरे प्रयोजन ठरू शकते. अशी प्रतिकृती करवून घेताना युरोपीय नमुन्याप्रमाणे दर्शनी भिंत उघडणारी करू नये. माळवद उचलता येईल अशी करावी, म्हणजे वरून तळविन्यास दिसेल आणि अंगणही घराचाच भाग असल्याचे कळेल. १:१२ हे प्रमाण येथे मोठे पडते. अंगण व कोठ्यासह पन्नास फुटांचे घर पन्नास इंचांचे होईल आणि दारातून आत जाणार नाही. १:२४ सोयीचे. त्यात रांजण, उतरंड, जाते ही मोजकीच भांडी त्याच प्रमाणात ठेवावीत. खऱ्या भातुकलीतील भांडी त्यात मांडू नयेत. प्रमाण बिघडते, आणि दोन वेगळ्या जातींचे पुरावे एकमेकांत मिसळतात.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके. निजामी राजवटीत हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. हिंगोलीचा दसरा व त्यानिमित्त रामलीला मैदानावर भरणारे प्रदर्शन यांची ख्याती जुनी आहे, आणि महाशिवरात्रीस औंढा नागनाथाची यात्रा भरते. खेळण्यांच्या दुकानांसाठी अभ्यासकाला याहून चांगले क्षेत्र नको. एकाच रांगेत पत्र्याची, प्लास्टिकची, लाकडाची आणि मातीची भातुकली पाहावयास मिळणे, कोणती आई कोणत्या वस्तूकडे वळते आणि मूल कोणत्या वस्तूसाठी हट्ट धरते हे टिपता येणे, हे दुकानांच्या पेठेत साधत नाही. पोळ्याच्या आधी कुंभाराकडे मातीचे बैल येतात. त्याच आव्यात लहान चुली व मडकी भाजली जातात काय, हेही विचारून घ्यावे.

जे टिकत नाही ते संग्रहात कसे आणावे, याचा विचार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यातच करावयाचा आहे. कच्च्या मातीची चूल उचलून आणता येत नाही, आणि आणली तरी तिचे ढेकूळ होते. तिचे छायाचित्र वरून आणि बाजूने घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी. खड्यांच्या घराचा नकाशा पावलांनी मोजून कागदावर काढावा, दार कोणत्या दिशेस आहे ते लिहावे. प्रत्येक वस्तूला खेळणारी मुलगी काय म्हणते तोच शब्द नोंदवावा. तिने खापराला 'ताट' म्हटले तर नोंदीत 'ताट' आणि कंसात 'खापर', उलट नव्हे. त्या दिवशी काय शिजविले, कोण पाहुणा आला, कोणाला वाढले नाही, हेही लिहावे. मुलीचे नाव तिच्या घरच्यांच्या संमतीवाचून फलकावर येऊ नये. वस्तू विभागासाठी मागावयाचीच झाली तर तिच्या बदल्यात पैसे देण्यापूर्वी तिला विचारावे की ती वस्तू उद्याच्या खेळाला लागणार आहे काय. लागणार असेल तर ती तिच्याकडेच ठेवावी आणि विभागाने छायाचित्र घेऊन परतावे.